कवळीच्या डबीतली पाणबुडी

मी पाणबुडी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण मोठ्याने बोललं की माझी मीच दचकते. आकाराने मी तुमच्या तळहाताएवढी. अंगावर गंज, मीठ, शेवाळ, खरचटल्याच्या खुणा, सगळं आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून हसायला नको. मला पाण्याची भीती वाटते.

हसलात ना? सगळेच हसतात. पण तुम्ही प्लॅस्टिकचे असता, आतून पोकळ असता आणि पोटाचे दोन भाग गोंदाने चिकटवलेले असते, तर पाण्याचा पेला जवळ सरकल्यावर तुम्हीही अंग चोरलंच असतं.

जन्मतः मी एकसंध नव्हते. एका चौकटीला लोंबकळणारे करड्या रंगाचे तुकडे म्हणजे मी. खोक्यावर मात्र माझं मोठं रुबाबदार चित्र होतं. लाटा फोडत निघालेली, मागे वादळ, वर वीज. ते चित्र पाहून माझीच पाचावर धारण बसायची. खेळण्यांच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर मी पडून होते. खाली शर्यतीच्या गाड्या, विमानं, बाहुल्या. त्यांना गिऱ्हाईक. मला काठीला बांधलेलं फडकं, तेही दुकानदाराला आठवण झाली तर.

एके दिवशी एक मुलगी दुकानात आली. दुकानदार शिंकला, ती दचकली, तिचा खांदा मांडणीला लागला आणि मी वरून थेट तिच्या डोक्यात पडले. ती घाईघाईने म्हणाली, "सॉरी सॉरी." दुकानदाराला नव्हे, मला. मग खोकं उलटसुलट करून बघत म्हणाली, "अहो, मी हीच शोधत होते."

मी तेव्हाच ओळखलं, हे आपलंच माणूस.

घरी तिला सगळे दचकी म्हणायचे. कुकरची शिट्टी झाली की दचकायची, दाराची बेल वाजली की दचकायची, फोन वाजला तर आधी दचकायची आणि मग तो उचलायला विसरायची. पण तिच्या हाताला जादू होती. ती एका लॅबमध्ये दात बनवायची. दाताच्या डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ती त्यावर कवळ्या रचायची, रंगवायची. नाकासमोर भिंग, हातात दोन-चार केसांचा कुंचला. तिचं म्हणणं असं, की पांढरेशुभ्र दात कोणाचेच नसतात. हिरडीजवळ थोडा पिवळेपणा, टोकाला निळसर झाक, मध्ये एखादी केसाएवढी चीर, हे सगळं घातलं तरच दात खरा वाटतो. नाहीतर माणूस हसला की न्हाणीघराची फरशी दिसते.

आणि नेमकं हेच तिच्या बाबांच्या बाबतीत झालं होतं.

बाबा एकेकाळी पाणबुडीवर इंजिन सांभाळायचे. निवृत्त झाले, मग हिरड्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी सगळे दात काढले. तोंडाचं पार बोळकं झालं. त्यांची पहिली कवळी लॅबमधल्या दुसऱ्या कारागिराने केली, कारण बापाचं तोंड म्हटल्यावर दचकीने तो साचा दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला होता. ती कवळी आली ती अशी चकचकीत, की बाबांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "हा कोण हसतोय?" आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. बाबांनी कवळी काढली, कपाटात टाकली, ती टाकलीच. तेव्हापासून ते तोंडासमोर रुमाल धरून बोलायचे, मऊ भात कालवून खायचे आणि घराबाहेर पडायचे नाहीत. त्यांच्या बोटीवरची मंडळी दरवर्षी एकदा जेवायला जमायची. मागच्या वर्षी बाबांनी कळवलं, पाठ धरलीय. पाठ ठणठणीत होती.

"यंदा तरी जा हो," आई म्हणायची. म्हणून म्हणून बिचारीने दातांच्या कण्या केल्या. बाबांकडे उत्तरादाखल कण्या करायलाही दात नव्हते. ते फक्त मान हलवायचे, आडवी.

अशा घरात मी आले.

खिडकीपाशी टेबल होतं, तिथे माझी जोडणी झाली. पेरिस्कोप म्हणून लॅबमधली दात बांधायची बारीक तार बसवली. रेडिओची वायर म्हणून टूथब्रशचा एक केस ताणला. थोडक्यात, माझी मुंज दाताच्या दवाखान्यातच लागली म्हणा ना. मग रंग. मला वाटलं, मी काळीकुळकुळीत, तुकतुकीत होणार. पण दचकीने डबीतून जो रंग कालवला तो धड काळाही नाही, धड करडाही नाही, थोडा निळसर.

"काळ्या बोटीला निव्वळ काळा रंग दिला ना, की ती बोट दिसत नाही," ती आईला म्हणाली, "वांगं दिसतं."

"मग वांगं काय वाईट?" आई म्हणाली.

पुढे जे झालं ते मी जीव मुठीत धरून सोसलं. आधी पाठीवरचा रंग उन्हाने विटल्यासारखा फिका केला. मग तपकिरी रंगाचं पातळ पाणी माझ्या खाचाखाचांतून सोडलं आणि वरचं वर कापसाने टिपून घेतलं. पाणी म्हटल्यावर मी डोळे मिटले होते. मग भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा तोडून, तो रंगात बुडवून, माझ्या कडांवर टपटप टेकवला. लगेच कडेचा रंग उडाल्यासारखा दिसायला लागला. आईचे स्पंज त्या महिन्यात कोपरे कुरतडल्यासारखे दिसत. आईला वाटलं, घरात उंदीर झालेत. तिने सापळाही लावला. तो सापळा खटकन मिटला तेव्हा दचकीच्या हातातला कुंचला माझ्या कुशीवरून सर्रकन खाली घसरला आणि तिथे गंजाचा एक ओघळ उमटला. इतका सुंदर ओघळ तिला मुद्दाम कधी जमला नसता. तिने तो तसाच ठेवला.

"मी जुनी भांडी घासून नवी करते," आई शेजारणीला सांगत होती, "आणि ही नवी वस्तू रंगवून जुनी करते. आमच्या घरात काम कधी संपायचं नाही बघा."

बाबा पेपराआड बसलेले असायचे. पण पेपरची पानं उलटत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. शेवटी एका रविवारी रुमालाआडून आवाज आला, "नव्या बोटीला गंज कशाला लावतेस?"

"तुमची बोट कुठे नवी होती बाबा?"

"आमच्या बोटीला गंज नव्हता."

दचकीने एक जुना फोटो पुढे केला. फोटोत तरुण बाबा बोटीच्या पाठीवर उभे, दात काढून हसतायत आणि त्यांच्या पायाखाली चांगला हातभर गंज.

बाबांनी फोटो बघितला, मला बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "मग असा नव्हता," ते म्हणाले. "तू सगळीकडे सारखा लावलायस. गंज काय देवीचे व्रण आहेत, कुठेही उठायला? गंजालाही शिस्त असते. पाणी जिथून ओघळतं तिथेच येतो. ही पोटाशी भोकं आहेत ना, पाणी आत-बाहेर जायची, त्यांच्या खाली लाव. खाली, वर नाही. पाणी कधी वर चढतं का?"

त्या दिवसापासून बाबांची खुर्ची टेबलाला लागली. ते काडीने दाखवायचे आणि ती रंगवायची. आत उतरायच्या झाकणाच्या डाव्या बाजूला रंग उडव, तिथे आम्ही सगळे पाय द्यायचो. उजव्या बाजूला नको, उजवीकडे कोणी पाय दिला की साहेब ओरडायचे. मिठाचे पांढरे ओघळ इथे. शेवाळ पाण्याच्या रेषेवर, त्यातही मागे जास्त, कारण मागे आमचा स्वयंपाक्या खरकटं टाकायचा. बोलता बोलता रुमाल कधी मांडीवर पडायचा ते त्यांना कळायचंच नाही.

मी आपली फुशारून गेले होते. ही मुलगी माझ्याकडे किती टक लावून बघते. मग एकदा नीट पाहिलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. ओठ कसे हलतात, हसताना कुठली बाजू आधी वर जाते. फोटोवर भिंग धरून ती बाबांचे जुने दात मोजायची. सहज विचारल्यासारखं विचारायची, "बाबा, हा पुढचा दात तुटका कसा हो?"

"झाकणातून वर येत होतो. वरून आमच्या बोटीवरचा लंबू खाली येत होता. तो आधी उतरणार की मी आधी चढणार, हे ठरायचं राहिलं." बाबा हसले. "त्याच्या बुटाच्या टाचेने ठरवलं."

खरं सांगू? मला राग आला. म्हणजे मी नुसतं निमित्त. माझ्या अंगावर गंज चढवता चढवता ती बापाच्या तोंडाला हात घालायचं धैर्य गोळा करत होती. बाबांच्या जबड्याचा साचा लॅबमध्ये होताच. तिथे ती गुपचूप नवी कवळी रचायला लागली होती.

बाबांना ते कळलं तेव्हा ते गरजले, "नवे दात आणि तेही डागाळलेले? माझ्या तोंडाची बोट करायची नाही."

"बाबा, डागांनाही शिस्त असते," ती चाचरत म्हणाली. "चहा जिथून जातो तिथेच येतात."

 बाबांचंच वाक्य, बाबांच्याच पदरात. आपलेच दात, आपलेच ओठ. ते फणकारले, "मी घालणार नाही. आणि जेवायलाही जाणार नाही," आणि पेपर उघडून बसले. उलटा.

जेवणाचा दिवस उद्यावर आला. दचकीने लॅबमधून कवळी आणली, निळ्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत, खाली स्पंजची गादी. आरशापाशी डबी ठेवून ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, इथे ठेवलीय. वाटलं तर बघा. नाही तर राहू दे." पेपर हलला नाही.

त्याच संध्याकाळी मला रंगाची चमक घालवणारा शेवटचा हात दिला गेला होता. तो वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून तिने मलाही खिडकीपाशी तसल्याच एका डबीत निजवलं. शेपूट जरा तिरकी करावी लागली. लॅबमध्ये प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवणारी ही मुलगी, पण घरात दोनच डब्या, त्यांना कसली चिठ्ठी?

सकाळी आईने फडकं मारलं. फडकं मारताना आई वस्तू उचलते आणि जिथे तिला सुचेल तिथे ठेवते. मी आरशापाशी गेले. दात खिडकीपाशी.

थोड्या वेळाने मी उचलली गेले, डबीसकट, आणि अंधाऱ्या खिशात पडले. बाहेरून आईचा आवाज आला, "कुठे निघालात?"

"जरा फेरी मारून येतो."

"फेरी मारायला इस्त्रीचा शर्ट?"

दार लागलं.

बाबांचा स्वभाव मला आता पाठ झाला होता. मुलीसमोर नाही म्हणून झालं होतं, तेव्हा तिच्यासमोर कवळी घालून बघणं म्हणजे हार. घराबाहेर, कोणी नसताना घालून बघायची, बरी दिसली तर आत जायचं, नाही तर आल्या वाटेने परत फिरायचं. असा बेत. पण बेतातले दात घरी खिडकीत ऊन खात होते आणि खिशात होते मी.

जेवण होतं एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. जिना चढताना आतून हसण्याचा गलका ऐकू आला. बाबांची पावलं अडली. आत न जाता ते शेजारच्या बेसिनपाशी गेले. आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी काय केलं असेल? डोळे घट्ट मिटले. पहिल्या कवळीची धास्ती मनातून गेली नव्हती ना. डोळे मिटूनच डबी उघडली. मिटल्या डोळ्यांनीच मला बोटांत धरलं. आणि नळ सोडला.

कवळी घालण्याआधी ओली करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

वाचकहो, त्या क्षणाचं वर्णन मी करू शकत नाही. खोक्यावरचं ते वादळ, त्या लाटा, ती वीज, सगळं एका नळातून माझ्यावर कोसळलं. माझी दातखिळी बसली. पोटाच्या भोकांतून पाणी आत आलं आणि बाहेरही गेलं, बाबांनी सांगितलं होतं अगदी तसंच. मी बुडाले, वर आले, आणि वर आले तेव्हा समोर एक गुलाबी गुहा होती. ती उघडत होती. मी तिच्यात शिरत होते.

पेरिस्कोप बाबांच्या वरच्या ओठात टोचला.

"आई गं," म्हणत बाबांनी डोळे उघडले. आरशात एक म्हातारा पाणबुडी खात होता.

त्याच वेळी दार ढकलून एक उंच माणूस आत आला. चौकट चांगली उंच होती, तरी सवयीने वाकून आला. तो लंबू, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"एवढी भूक लागली होती तर आत येऊन बसायचंस," तो म्हणाला. "पाणबुडी कशाला खातोस?"

बाबांना हसू फुटलं. रुमाल खिशात राहिला, हात बेसिनवर राहिले आणि सबंध बोळकं उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बाबा हसले. लंबूने त्या बोळक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने मला हिसकावून घेतलं, नाकाशी धरलं, आणि त्याचा आवाजच बदलला.

"अरे, ही आपली आहे."

"कशावरून?" बाबा डोळे पुसत म्हणाले.

"झाकणाच्या डाव्या बाजूला रंग उडालाय. उजवीकडे नाही. साहेब ओरडायचे ना."

मग मी टेबलावर, पांढऱ्या चादरीवर. माझ्याभोवती पांढरी, टकली डोकी. शेवाळ बघून स्वयंपाक्या म्हणाला, "खरकटं मी एकटा टाकत नव्हतो, हे आज स्पष्ट होऊ दे." बाबा त्याच्याशी हिरीरीने भांडले, दात नसताना, रुमाल नसताना, तोंडभर. शेवटी खुर्चीत बसलेल्या साहेबांनी हात पुढे केला.  साहेबांनी चष्मा वर सारून मला डोळ्याशी नेलं.

"या इथल्या गंजावर रंग मारायला मी कोणाला तरी सांगितलं होतं."

"मलाच, साहेब," बाबा म्हणाले.

"मग?"

"राहिलं, साहेब."

खोली हसण्याने हादरली. त्याच वेळी दारात दचकी उभी असलेली मला दिसली, केस विस्कटलेले, धापा टाकत, हातात निळ्या झाकणाची डबी. (घरी काय झालं ते आईच्या तोंडून मी मागाहून ऐकलं. दचकीने खिडकीतली डबी उघडून बघितली तर दात तिच्याकडे बघून हसत होते. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारीण आपल्या घरात उंदीर शोधायला लागली. इस्त्रीच्या शर्टावरून आईने ओळखलं, बाबा कुठे गेले असतील ते.) हसण्याचा गडगडाट ऐकून तिला वाटलं, सगळे बाबांना हसतायत. ती रडवेली होऊन उंबऱ्यातच थिजली. मग तिला दिसलं, की सगळ्यात मोठ्याने हसणारं तोंड बाबांचंच आहे.

तिने डबी हळूच पाठीमागे लपवली.

"ही माझी मुलगी," बाबांनी हाक दिली. "गंज हिने लावलाय. ये ग दचके. आणि ती डबी इकडे दे, मला काही मऊ भात खायचा नाही आज."

बाबांनी तिथेच, टेबलाखाली मान घालून कवळी बसवली आणि वर आले. ती श्वास रोखून उभी. मीही.  साहेब बोलत होते ते बोलतच राहिले, स्वयंपाक्याने भाजीचं भांडं पुढे सरकवलं. काही बदललंय असं कोणाला वाटलंच नाही. फक्त लंबूने घास थांबवून एकवार निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुझा तो दात अजून तसाच? मला वाटलं, एव्हाना बसवून घेतला असशील." मग अपराधी चेहऱ्याने आपल्या बुटाकडे बघितलं.

बाबांची जीभ आतून पुढच्या दातावर फिरली. तुटक्या कोपऱ्यापाशी थांबली.

"हा तू मुद्दाम तोडलास?" त्यांनी हळूच विचारलं.

दचकीने होकाराची मान हलवली.

"बरोबर जागी तोडलास," बाबा म्हणाले आणि भाकरीचा चांगला मोठा तुकडा मोडून घेतला.

आता मी बाबांच्या उशाशी फळीवर असते. माझ्या शेजारी एक काचेचा वाडगा. बाबा झोपले की कवळी त्यात पाण्याखाली मुक्कामाला जाते, रोज, काही कुरकुर न करता. खरी पाणबुडी तीच म्हणायची. मी काठावरून बघते आणि मनातल्या मनात तिला सलाम करते.

नळाच्या पाण्याने माझ्या कुशीवर एक पांढुरका डाग पडला. शेवटचा हात पुरता वाळला नव्हता ना. दचकी तो झाकायला कुंचला घेऊन बसली होती, पण बाबांनी तिचा हात धरला. "राहू दे," म्हणाले, "तो खरा आहे." तेव्हा तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि आईने फडकं हातात दिलं, तर एवढी विनंती ऐका. फळी पुसा, वाडगा पुसा, मला सोडून द्या. माझ्या अंगावरचा सगळा गंज, मीठ, शेवाळ लटकं आहे, पण तो एक डाग माझ्या कमाईचा आहे. आणि हो, जवळ येताना आधी जरा खाकरा. आम्ही इथे सगळ्याच दचकतो.